अडॉल्फ अँडरसन : 'अमर डावा'पलीकडे तो किती मोठा खेळाडू होता?

प्रश्न : पटाचा विद्यार्थी

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या शाळकरी मुलांना मी शनिवार-रविवारी बुद्धिबळ शिकवतो. जुन्या खेळाडूंची ओळख करून देताना बहुतेक शिक्षकांप्रमाणे मीही अडॉल्फ अँडरसनच्या १८५१ मधल्या 'अमर डावा'पासून आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या 'सदाबहार डावा'पासून सुरुवात करतो. हे दोन्ही डाव मुलांना फार आवडतात. दोन्ही हत्ती, एक उंट आणि अखेरीस वजीरही देऊन टाकणारा माणूस प्रतिस्पर्ध्यावर मात करतो, हे पाहताना मुले अक्षरशः पटावर ओणवी होतात.

अडचण पुढे येते. हल्लीची मुले घरी जाऊन तोच डाव संगणकाच्या इंजिनाला दाखवतात आणि दुसऱ्या आठवड्यात विचारतात की अमुक खेळी सर्वोत्तम नव्हती, तमुक ठिकाणी काळ्याला बचाव होता, मग या डावाचे एवढे कौतुक कशाला? त्यातल्या एकाने मागे असेही विचारले की अँडरसन अमेरिकेच्या पॉल मॉर्फीकडून हरला आणि पुढे जगज्जेता झालेल्या स्टाइनिट्झकडूनही हरला, तर मग तो केवळ दोन सुंदर डावांचा धनी म्हणायचा की खरोखरीचा अव्वल खेळाडू?

त्याच्या प्रश्नाला मी थातुरमातुर उत्तर देऊ इच्छित नाही. अँडरसनच्या खेळाची घडण कशातून झाली, त्याचे बलिदानाचे डाव म्हणजे निव्वळ धाडस होते की त्यामागे काही हिशेब होता, आणि त्याच्या काळातल्या इतर खेळाडूंच्या तुलनेत त्याला कुठे बसवावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर : कर्णावरचा उंट

आपल्या विद्यार्थ्यांचा आक्षेप खोटा नाही, परंतु त्यांनी इंजिनाचा आकडा पाहिला आहे, डाव पाहिलेला नाही. म्हणून आधी डावाकडेच वळू.

पहिली गोष्ट ही की हा डाव स्पर्धेतला नव्हताच. २१ जून १८५१ रोजी लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील सिम्पसन्स दिवाणमध्ये अँडरसन आणि लायोनेल कीझेरिट्स्की हे दोघे सहज म्हणून खेळले होते. पॅरिसमध्ये राहणारा कीझेरिट्स्की स्वतः नामांकित खेळाडू आणि शिक्षक होता. हरल्यानंतरही त्याला हा डाव इतका भावला की त्याने त्याच्या खेळ्या पॅरिसमधल्या आपल्या क्लबला कळवल्या, आणि 'ला रेजांस' या नियतकालिकात तो लगोलग छापून आला. 'अमर' हे विशेषण चार वर्षांनी, १८५५ मध्ये, अर्न्स्ट फाल्कबेअरने लावले. मोकळ्या वेळी खेळलेल्या डावाला स्पर्धेतल्या डावाची फूटपट्टी लावणे मुळातच बरोबर नाही.

आता पटावर या. अठराव्या खेळीला पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या अँडरसनने उंट डी६ वर (उभी रांग डी, आडवी रांग सहावी) नेला आणि आपले दोन्ही हत्ती काळ्याच्या तोंडी सोडले. खेळी दिसते भव्य, पण पांढऱ्याकडे त्याहून सोप्या आणि खात्रीच्या खेळ्या होत्या, हे विश्लेषकांनी दाखवून दिले आहे. काळ्याने उंटाने जी१ वरचा हत्ती घेतला, आणि चूक तिथे झाली. वजिराने आधी ए१ वरचा हत्ती शहासह मारून नंतर वजीर बी२ वर परत आणला असता, तर काळ्याला पुष्कळ काळ तग धरता आला असता, ही सूचना स्टाइनिट्झने १८७९ मध्येच केली होती. म्हणजे जे आज इंजिन सांगते त्यातला मोठा भाग माणसांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधून ठेवला आहे, आणि तरीही डावाची प्रतिष्ठा उणावली नाही.

ती का उणावली नाही, याचे उत्तर एकोणिसाव्या खेळीत आहे. पांढरा ई-प्यादे एक घर पुढे, ई५ वर सरकवतो. ही शांत खेळी आहे. तिने शह बसत नाही, काही मारले जात नाही. परंतु काळा वजीर ज्या लांब कर्णावरून जी७ चे रक्षण करत होता, तो कर्ण या एका प्याद्याने बंद होतो. काळा वजीर ए१ वरचा हत्ती शहासह उचलतो, पांढरा राजा ई२ वर येतो, आणि आता तो वजीर पटाच्या टोकाला, स्वतःच्या राजापासून सर्वांत दूर अडकलेला असतो. काळा बी८ वरचा घोडा ए६ वर आणतो, कारण तसे न केल्यास घोडा जी७ वर शह देईल आणि नंतर उंट सी७ वर मात करील. म्हणजे कीझेरिट्स्कीला धोका दिसला होता. दिसला नव्हता तो दुसरा धोका. घोडा जी७ चे प्यादे मारून शह देतो, राजा डी८ वर जातो, आणि मग पांढरा वजीर एफ६ वर ठेवला जातो. ई७ या घरावर लक्ष ठेवणारा जी८ चा घोडा वजिराला मारण्यासाठी ते घर सोडतो, आणि डी६ चा उंट त्याच ई७ वर येऊन मात करतो. सी७ हे घर एका घोड्याने रोखलेले असते, ई८ दुसऱ्याने, आणि सी८ व डी७ वर काळ्याचीच मोहरी बसलेली असतात.

मुलांना एक आकडा जरूर सांगावा. डाव संपतो तेव्हा काळ्याने गमावलेली असतात फक्त तीन प्यादी. वजीर, दोन्ही हत्ती, दोन्ही उंट, दोन्ही घोडे सगळे पटावर शाबूत असतात. पांढऱ्याकडे मोहऱ्यांपैकी उरलेले असतात दोन घोडे आणि एक उंट, आणि ते तिघेही मात करण्यात सहभागी असतात. अँडरसनच्या शैलीचे सार माझ्या मते इथे आहे. पटावर एकूण मोहरी किती यापेक्षा राजाभोवतीच्या त्या पाच-सहा घरांपाशी किती पोहोचली आहेत, याचाच तो हिशेब करत असे.

'सदाबहार डाव' १८५२ मध्ये बर्लिनला जाँ द्यूफ्रेन याच्याशी झाला. इव्हान्स गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादे देऊ करून हल्ल्याची संधी मिळवणारी खेळ्यांची मालिका) होता. त्यातही एकोणिसावी खेळीच गाजलेली आहे. आपला घोडा एफ३ वर मारला जाण्याच्या बेतात असताना अँडरसन ए१ चा हत्ती निवांतपणे डी१ वर आणतो. द्यूफ्रेन घोडा मारतो आणि स्वतःच जी२ वर मात करण्याची धमकी देतो. त्यानंतर पांढरा ई७ वर हत्ती देतो, डी७ वर वजीर देतो, आणि राजाने वजीर उचलताच डी३ चा उंट एफ५ वर जाऊन शह देतो. उंट बाजूला झाल्याने डी१ चा तोच हत्तीही शह देतो. या दुहेरी शहाला कोणतेही मोहरे मधे घालून उत्तर देता येत नाही, राजाला हलावेच लागते, आणि आणखी दोन खेळ्यांत मात. हत्ती डी१ वर का आणला होता, हे बघणाऱ्याला तीन खेळ्यांनंतर कळते. याही ठिकाणी द्यूफ्रेनला अधिक चिवट बचाव होते आणि पुढे जगज्जेता झालेल्या लास्करने पांढऱ्यासाठी दुसरी खेळी सुचवली होती. त्यावरून वाद घालणारे आजही घालतात.

उत्तर : खडू-फळा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी स्वतः गणित शिकवण्यात हयात घालवली, त्यामुळे मला अँडरसन यांच्या चरित्राविषयी थोडा पक्षपात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अँडरसन यांचा जन्म ६ जुलै १८१८ रोजी प्रशियातील ब्रेस्लाऊ या शहरात झाला. आज हे शहर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांना वडिलांनी बुद्धिबळ शिकवले. पुढे त्यांनी त्याच शहराच्या विद्यापीठात गणित आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि तिथल्याच फ्रेडरिक गिम्नॅशियम या शाळेत गणिताचे अध्यापन पत्करले. लग्न केले नाही; आई आणि बहीण यांच्यासमवेत ते राहिले. खेळाडू म्हणून जगप्रसिद्ध झाल्यावरही त्यांनी नोकरी सोडली नाही, आणि १३ मार्च १८७९ रोजी त्यांचा मृत्यू झाला तोही ब्रेस्लाऊमध्येच. बुद्धिबळावर पोट भरणारे स्टाइनिट्झ किंवा कॉफीगृहात पैसे लावून खेळणारे त्या काळचे अनेक खेळाडू यांच्यापेक्षा अँडरसन यांचे आयुष्य सर्वस्वी वेगळे होते, आणि त्यांच्या कारकिर्दीतल्या मोठमोठ्या खंडांचे कारणही तेच आहे. स्पर्धा आणि सामने बहुधा शाळेच्या सुट्ट्या पाहूनच खेळावे लागत.

१८५१ ची लंडनची स्पर्धा हे याचे चांगले उदाहरण. क्रिस्टल पॅलेसमधल्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली ही पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. एवढ्या लांबच्या प्रवासाचा खर्च शिक्षकाच्या पगारात परवडणारा नसल्यामुळे अँडरसन जायला तयार नव्हते. तेव्हा स्पर्धेचा सूत्रधार हॉवर्ड स्टॉन्टन याने त्यांना आश्वासन दिले की बक्षीस मिळाले नाही तर प्रवासखर्च मी माझ्या खिशातून देईन. स्टॉन्टनचा स्वभाव भांडखोर म्हणून बदनाम आहे, तेव्हा हा त्याचा मोठेपणा नोंदवून ठेवला पाहिजे. विशेषतः पुढे काय झाले ते पाहता. सोळा खेळाडूंची बाद पद्धतीची स्पर्धा होती. अँडरसन यांनी पहिल्या फेरीत कीझेरिट्स्कीला, दुसऱ्या फेरीत हंगेरीच्या सेनला, उपान्त्य फेरीत खुद्द स्टॉन्टनला ४-१ असे आणि अंतिम फेरीत वायव्हिलला हरवले. सेन आणि अँडरसन यांनी आधीच आपापसांत ठरवले होते की दोघांपैकी जो पहिला येईल त्याने बक्षिसाचा तिसरा हिस्सा दुसऱ्याला द्यावा.

आता शैलीच्या उगमाविषयी. वरच्या प्रतिसादात न आलेली आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, अँडरसन यांचे नाव बुद्धिबळाच्या वर्तुळात प्रथम झाले ते खेळाडू म्हणून नव्हे, तर कूटप्रश्नांचे, म्हणजे 'इतक्या खेळ्यांत मात करा' अशा पटावरच्या कोड्यांचे, रचनाकार म्हणून. त्यांनी रचलेल्या कूटप्रश्नांचा संग्रह १८४२ मध्येच, म्हणजे लंडनच्या विजयाच्या नऊ वर्षे आधी प्रसिद्ध झाला होता. कूटप्रश्न रचणाऱ्याला शेवटची मात आधी दिसते आणि तिथून तो उलटा मागे येतो. कोणते घर कोणी रोखले आहे, कोणता रक्षक हलवला की दार उघडेल, कोणते मोहरे आता निरुपयोगी झाले म्हणून देऊन टाकता येईल, हेच त्याचे रोजचे काम. 'अमर डावा'तली एफ६ वरची वजिराची खेळी पाहा. ती एखाद्या तीन खेळ्यांच्या कूटप्रश्नातून उचलून आणल्यासारखी आहे. मुलांना आपण सांगतो की हे धाडस आहे. मी म्हणेन, हे उत्तरापासून सुरुवात करून सिद्धतेपर्यंत येणाऱ्या गणितशिक्षकाचे काम आहे.

ओघात आले म्हणून सांगतो. त्याच काळात, १८४५ मध्ये, ज्या एका कूटप्रश्नाने युरोपातल्या रचनाकारांना वेड लावले, तो हिंदुस्थानातून गेला होता. हेन्री लव्हडे या इंग्रज पाद्र्याने 'शागिर्द' या टोपणनावाने तो स्टॉन्टनच्या मासिकाकडे पाठवला आणि तो 'इंडियन प्रॉब्लेम' म्हणून प्रसिद्ध झाला. कूटप्रश्नांचे जग तेव्हा किती जिवंत होते याची यावरून कल्पना यावी.

ब्रेस्लाऊ विद्यापीठाने १८६५ मध्ये अँडरसन यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. शहरातल्या तरुणांशी खेळायला ते नेहमी तयार असत. योहानेस झुकेरटोर्ट हा पुढे स्टाइनिट्झशी जागतिक विजेतेपदासाठी खेळलेला खेळाडू त्यांच्याच हाताखाली तयार झाला.

उत्तर : शेवटचे प्यादे

दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. अँडरसनविषयी लिहिताना आपण हळवे होतो. १८५८ च्या डिसेंबरात पॅरिसला मॉर्फीने त्याला ७ विजय, २ पराभव आणि २ बरोबऱ्या अशा फरकाने धुतले. त्या वेळी मॉर्फी एकवीस वर्षांचा होता आणि आजारीही होता. मोहरी झटपट बाहेर काढणे, राजा वेळेवर सुरक्षित करणे, मध्यभाग उघडण्याची योग्य वेळ ओळखणे या गोष्टी मॉर्फीला जितक्या स्वाभाविक होत्या तितक्या अँडरसनला नव्हत्या. त्याच्या डावांत एक-दोन मोहरी घेऊन हल्ल्याला निघणे आणि बाकीची घरीच ठेवणे हा दोष वारंवार दिसतो. 'अमर डावा'त तरी पांढऱ्याने सातव्या-आठव्या खेळीपर्यंत काय विकास केला आहे ते पाहावे. बचाव कमकुवत असेल तोवरच अशी शैली चालते. मुलांनी विचारलेला प्रश्न म्हणूनच रास्त आहे आणि त्यांना सरळ सांगावे की हा एका सरलेल्या युगाचा खेळ होता.

उत्तर : अडीच घरे

'शेवटचे प्यादे' यांनी मॉर्फीच्या सामन्याचा निकाल अचूक दिला आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. त्याची दोन कारणे आहेत, आणि दुसरे अधिक महत्त्वाचे आहे.

मॉर्फीच्या सामन्यात अँडरसन नेमका कसा खेळला हे पाहायला हवे. पांढरी मोहरी असताना त्याने तीन डावांत पहिली खेळी ए३ अशी केली. आजही ही सुरुवात त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्या तीन डावांत एक विजय, एक पराभव आणि एक बरोबरी असा हिशेब झाला. ए-प्यादे एक घर सरकवण्यात भव्य असे काहीच नाही. उघड्या डावात मॉर्फीला हरवणे अवघड आहे हे ओळखून, काळा ज्या सिसिलियन बचावाने (ई४ ला सी५ असे उत्तर देऊन) खेळतो तोच आपण एक खेळी जादा घेऊन खेळावा, असा त्यामागचा धोरणी विचार होता. ज्याला आपण बेभान हल्लेखोर म्हणून रंगवतो, तो आयुष्यातल्या सर्वांत कठीण प्रतिस्पर्ध्यासमोर डाव जाणूनबुजून बंद ठेवत होता. हरला, पण त्याचे निदान चुकले नव्हते. असाही एक किस्सा सांगितला जातो की, द्यूफ्रेनशी खेळलात तसे इथे का खेळत नाही असे कोणी विचारल्यावर तो म्हणाला, मॉर्फी तसे खेळू देत नाही. किस्सा खरा असो वा रचलेला, सामन्यातील डाव त्याला दुजोरा देतात. सराव फारसा न करता शाळेच्या नाताळच्या सुट्टीत ब्रेस्लाऊहून पॅरिसला येऊन तो खेळला, हेही लक्षात घ्यावे, पण त्याने स्वतः पराभवाची सबब सांगत बसण्याऐवजी मॉर्फीचे श्रेष्ठत्व मोकळेपणाने मान्य केले.

दुसरा मुद्दा स्टाइनिट्झचा. १८६६ मध्ये लंडनला स्टाइनिट्झने अँडरसनला ८-६ असे हरवले. चौदा डावांत एकही बरोबरी नव्हती. बारा डावांनंतर दोघे ६-६ असे समान होते आणि शेवटचे दोन डाव स्टाइनिट्झने जिंकले. पुष्कळ ठिकाणी हा सामना म्हणजे नव्या शास्त्रशुद्ध खेळाने जुन्या स्वप्नाळू खेळावर मिळवलेला विजय असे लिहिलेले आढळते. हे कालक्रमाला धरून नाही. १८६६ चा स्टाइनिट्झ स्वतःच गॅम्बिट खेळणारा, बलिदाने देणारा कडवा हल्लेखोर होता. छोट्या-छोट्या स्थायी फायद्यांवर उभारलेली त्याची प्रसिद्ध पद्धत ठळकपणे दिसू लागली ती १८७३ च्या व्हिएन्ना स्पर्धेपासून. म्हणजे १८६६ मध्ये हल्ल्याच्या खेळातले दोन उस्ताद समोरासमोर होते, आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या शाळामास्तराने तिशीच्या धंदेवाईक खेळाडूला शेवटच्या दोन डावांपर्यंत खेचले.

आणि मग १८७० चे बाडेन-बाडेन येते, ज्याचा उल्लेख अजून कोणीच केला नाही याचे मला आश्चर्य वाटते. दहा खेळाडूंची दुहेरी साखळी, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे. स्टाइनिट्झ, ब्लॅकबर्न, नॉयमन, लुई पॉल्सन, विनावेर असे त्या काळचे जवळजवळ सगळे आघाडीचे खेळाडू हजर. संयोजन समितीचे उपाध्यक्षपद रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांच्याकडे होते. स्पर्धा सुरू होते न होते तोच फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, आणि बाडेन-बाडेन तर फ्रान्सच्या सरहद्दीला लागूनच. आडोल्फ स्टेर्न या खेळाडूला लष्कराचे बोलावणे आल्यामुळे स्पर्धा सोडून जावे लागले. अशा वातावरणात बावन्न वर्षांच्या अँडरसनने स्टाइनिट्झला दोन्ही डावांत हरवून, त्याच्यापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे राहून पहिला क्रमांक पटकावला. त्याआधी १८६२ मध्ये लंडनच्या साखळी स्पर्धेतही तोच पहिला आला होता आणि पॉल्सन त्याच्या मागे होता. एकोणीस वर्षांच्या अंतरात, बाद पद्धत, एकेरी साखळी आणि दुहेरी साखळी अशा तीन वेगवेगळ्या स्वरूपांच्या मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्याची शैली केवळ कमकुवत बचावावर तगली होती, असे म्हणणे मला धारिष्ट्याचे वाटते. पॉल्सन तर त्या काळचा सर्वांत चिवट बचावपटू होता.

विकासाकडे दुर्लक्ष करण्याचा दोष मात्र मान्य. सामन्यांत तो दोष त्याला भोवला, स्पर्धांत कमी भोवला. सामन्यात प्रतिस्पर्धी एकच असतो आणि तो तुमची सवय हेरतो. झुकेरटोर्टचेच पाहा : १८६८ मध्ये अँडरसनने आपल्या या शिष्याला सहज हरवले, १८७१ मध्ये शिष्याने ५-२ अशी परतफेड केली. पॉल्सननेही उतारवयात त्याला सामन्यांत हरवले.

पटाचा विद्यार्थी (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाडेन-बाडेनची हकीकत मी मुलांना पुढच्या वर्गात नक्की सांगेन. एक शेवटची विनंती आहे. ते दोन प्रसिद्ध डाव सोडून, तासाभरात मुलांपुढे मांडता येईल असा आणि 'खडू-फळा' सरांनी सांगितलेली कूटप्रश्नकाराची दृष्टी ज्यात स्पष्ट दिसेल असा अँडरसनचा एखादा डाव सुचवाल का?

उत्तर : खडू-फळा

रोझानेसविरुद्धचा डाव घ्या. १८६२ च्या सुमारास ब्रेस्लाऊमध्ये खेळला गेलेला. याकोब रोझानेस हे पुढे त्याच शहरातल्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि कुलगुरू झाले, म्हणजे पटाच्या दोन्ही बाजूंना गणितीच बसले होते. अँडरसन काळ्या मोहऱ्यांनी खेळत आहेत, आणि हा डाव निवडण्याचे तेही एक कारण, कारण किंग्ज गॅम्बिटमध्ये (पांढरा दुसऱ्याच खेळीला एफ-प्यादे देऊ करतो त्या सुरुवातीत) हल्ला पांढराच करतो अशी मुलांची समजूत असते.

तेराव्या खेळीला पांढरा उंट ए८ वरचा हत्ती मारतो आणि अँडरसन एका पूर्ण हत्तीने मागे पडतात. डाव इथे थांबवा आणि मुलांना काळ्याची बाजू पत्करायला सांगा. बहुतेक जण नाक मुरडतील. मग अँडरसन घोडा जी३ वर आणून एच१ च्या हत्तीवर हल्ला करतात, तो हत्ती एच२ वर जातो. त्या घोड्याला एफ४ वरच्या प्याद्याचा आधार असल्यामुळे राजाला तो मारता येत नाही, आणि तो घोडा तिथून एफ१, ई२, एच१ ही घरे डाव संपेपर्यंत रोखून धरतो. पुढे हत्ती ई८ वर येऊन शह देतो, राजा एफ२ वर सरकतो. एकोणिसाव्या खेळीला काळा उंट ई५ वर येतो. त्याला डी४ च्या प्याद्याने मारले, तर कर्ण उघडून काळा वजीर बी६ वरून शह देतो, म्हणून रोझानेस त्याला हात लावत नाहीत आणि ए-प्यादे पुढे ढकलतात.

विसाव्या खेळीआधी पुन्हा थांबा. काळा वजीर ए६ वर आहे. उत्तर आहे वजीर एफ१ वर शह, थेट पांढऱ्या वजिराच्या तोंडात. राजाला त्याला मारता येत नाही, कारण एफ१ घोड्याने रोखले आहे. बाकी कोणतेही घर मोकळे नाही. म्हणून पांढऱ्या वजिरालाच त्याला मारावे लागते. आता पांढरा वजीर एफ१ वर बसलेला आहे, आणि तो तिथे बसावा हाच हेतू होता. काळा उंट डी४ चे प्यादे मारून शह देतो, पांढरा उंट ई३ वर आडवा येतो, हत्ती त्याला मारतो, राजा जी१ वर पळतो, आणि हत्ती ई१ वर जातो. उंटाचा शह उघडा पडला आहे. पांढरा वजीर एफ२ वर मधे येऊन तो अडवू शकला असता, पण ई१ च्या हत्तीने त्याला राजाशी जखडून टाकले आहे. एच२ चा हत्ती मदतीला येऊ शकत नाही, कारण जी२ चे प्यादे आडवे आहे. एच१ चे घर घोड्याने रोखले आहे.

मुलांना ही शेवटची स्थिती कागदावर काढून द्या आणि विचारा की पांढऱ्याचे प्रत्येक मोहरे इथे निकामी का आहे. प्रत्येकाचे कारण वेगळे निघेल. उत्तरे जमली की मग एक-एक खेळी मागे जा, आणि प्रत्येक वेळी विचारा की हे मोहरे इथे कोणी आणून ठेवले. तासाभराला एवढे पुष्कळ झाले. आणि इंजिन लावायचेच असेल, तर घरी गेल्यावर लावू द्या.